रोजा, लो-कार्ब आणि लघवीचा रिपोर्ट

सातव्या रोज्याची गोष्ट. असरची नमाज पढून घरी आलो, तर दारातच भाचा उभा. हातात लॅबचा कागद, चेहरा उतरलेला. "मामू, मला शुगर झाली वाटतं," म्हणाला.

सव्वीस वर्षांचा पोरगा. नवी नोकरी लागलेली. रुजू होण्याआधीची वैद्यकीय तपासणी होती. सकाळी रक्त दिलं आणि लघवीचा नमुना दुपारी चारच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी आलेल्या रिपोर्टात एका ओळीखाली लाल शाईची रेघ होती : केटोन बॉडीज, दोन अधिक. शेजारी कंपनीच्या डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढून लिहिलं होतं, मधुमेह?

त्याच्या घरात हा शब्द हलका नाही. त्याचे अब्बा, म्हणजे माझे दुल्हाभाई, बारा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात. दादी याच आजारानं गेली. आपाचे तर ऐकूनच डोळे भरले. इफ्तारच्या दस्तरखानावर त्या दिवशी कुणी धड बोललं नाही.

रात्री तरावीहनंतर मी कागद घेऊन आमच्या गल्लीतल्या लॅबवाल्या काकांकडे गेलो. तीस वर्षं त्यांनी या शहराची रक्त-लघवी तपासली आहे. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगं हल्ली खातंय काय?"

खरं उत्तर तिथंच होतं. रमजानच्या आधी दोन आठवडे त्यानं भाकरी, चपाती, भात, साखर सगळं बंद केलं होतं. ईदपर्यंत पोट कमी करायचं म्हणून लो-कार्ब. सहेरीला चार अंडी आणि दही, इफ्तारला एक खजूर, मग कबाब नाहीतर चिकन, जोडीला काकडी. समोशाला हात नाही, फालुद्याला नाही, बिर्याणीतलं फक्त मटण. "मग केटोन नाही आले तर काय येणार?" काका हसले. "रक्तातली उपाशीपोटीची साखर बघ, ८४. लघवीत साखर शून्य. मधुमेह कुठाय यात? तरी डॉक्टरांना दाखव, पण जेवण सांगून दाखव."

जळणाचं गणित

आपलं शरीर आधी साखरेवर चालतं. भाकरी, भात, पोहे, साबुदाणा या सगळ्यांची शेवटी ग्लुकोज होते. तातडीनं लागते ती वापरली जाते आणि काही यकृतात ग्लायकोजन या रूपात साठवली जाते. हा साठा फार मोठा नसतो, साधारण शंभर ग्रॅम. जेवण थांबलं की यकृत त्यातून रक्ताला साखर पुरवत राहतं. साठा उतरू लागला की शरीर चरबीकडे वळतं. चरबी जळताना यकृतात तीन पदार्थ तयार होतात : अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोन. यांनाच मिळून केटोन म्हणतात. हे विष नव्हे. उपाशी माणसाचा मेंदूसुद्धा त्यावर चालतो. जास्त झालेले केटोन लघवीवाटे बाहेर पडतात आणि थोडं अ‍ॅसिटोन श्वासातून जातं. रोजेदाराच्या तोंडाच्या वासाला आमच्याकडे मान आहे, त्यातला थोडा वाटा या अ‍ॅसिटोनचाही असतो.

आपल्याकडे रोजा तेरा-चौदा तासांचा. सहेरीला पोटभर चपाती किंवा भात खाल्लेल्या निरोगी माणसाच्या लघवीत इफ्तारच्या सुमारास केटोन दिसलेच तर अगदी किंचित. पण माझ्या भाच्याची टाकी मुळातच रिकामी होती. लो-कार्ब जेवणात ग्लायकोजन पुरतं भरतच नाही. त्यावर दहा तास पोटात पाण्याचा थेंब नाही. म्हणजे उपासावर उपास. दोन अधिक येणारच.

हे काही फक्त रोज्याचं नाही. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबातल्या वहिनी पर्युषणात अठ्ठाई करतात, आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. त्या दिवसांत त्यांची लघवी तपासली तर पट्टी गडद जांभळी होईल. नवरात्रात नऊ दिवस निरंकार राहणाऱ्यांचंही तेच. एकादशीचं मात्र वेगळं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ हा सगळा पिष्टमय कारभार. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' करणाऱ्याच्या लघवीत केटोन सापडण्याची शक्यता फारच कमी.

पट्टी काय पाहते, काय नाही

लघवीच्या तपासणीची प्लॅस्टिकची पट्टी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर रंगीत चौकटी असतात. केटोनच्या चौकटीत नायट्रोप्रुसाइड नावाचं रसायन असतं. केटोन लागला की मिनिटाच्या आत ती जांभळी होते. जुन्या लॅबमध्ये हेच काम परीक्षानळीत होतं. लघवीत अमोनियम सल्फेट आणि नायट्रोप्रुसाइड घालायचं, वरून हळूच अमोनिया सोडायचा, मध्ये जांभळं कडं दिसलं की केटोन आहे. याला रोथेराची चाचणी म्हणतात. रोथेरा या शास्त्रज्ञानं ती १९०८ साली मांडली. वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं आजही ती करतात.

या चाचणीची एक मर्यादा मात्र रिपोर्टवर लिहिलेली नसते. ती मुख्यतः अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट पकडते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसरी मर्यादा पाण्याची. अधिकची चिन्हं लघवी किती दाट आहे यावरही ठरतात. तोच माणूस, तेच जेवण. पण दिवसभर पाणी न पिता दिलेल्या नमुन्यात केटोन जास्त दिसतील आणि दोन तांबे पाणी पिऊन दिलेल्या नमुन्यात कमी. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, हवेतली ओल लागली, तर पट्टी खोटं सांगते. नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला तर असलेला केटोनही नाहीसा होतो. उलट कॅप्टोप्रिल, लेव्होडोपा यांसारख्या काही औषधांनी केटोन नसतानाही चौकट रंगू शकते.

रिपोर्टच्या बाकीच्या ओळी

लो-कार्ब जेवण फक्त केटोनच्या ओळीत दिसतं असं नाही. भाच्याचा कागद काकांनी ओळीओळीनं समजावला.

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे लघवीचा दाटपणा. तो साधारण १.००५ ते १.०३० असतो. भाच्याचा १.०३० होता. लो-कार्बच्या पहिल्या काही दिवसांत शरीर मीठ आणि पाणी भराभर सोडतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे वजन उतरलेलं दिसतं, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यावर रोज्यात दिवसभर पाणी नाही. लघवी दाट होणारच.

पीएच म्हणजे आम्लता. भाच्याची लघवी ५ पीएचची, म्हणजे बरीच आम्लधर्मी होती. मांस-अंडी जास्त आणि भाजी-फळं कमी असली की लघवी आम्लधर्मी होते, केटोन स्वतःही आम्लच आहेत. आम्लधर्मी आणि दाट लघवीत युरिक अ‍ॅसिड विरघळत नाही, त्याचे खडे धरू शकतात. शिवाय केटोन वाढले की मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकतं, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसू शकतं. ज्यांना पूर्वी मूतखडा झालाय किंवा गाउटमुळे अंगठा सुजतो, त्यांनी मनानं असलं डाएट सुरू करू नये ते यासाठी.

प्रथिनांपुढे 'ट्रेस' होतं. फार दाट लघवीत असं किंचित प्रथिन दिसू शकतं. पाणी नीट पिऊन पुन्हा तपासल्यावर ते गेलं तर प्रश्न मिटला. सूक्ष्मदर्शकाखाली थोडे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले होते, दाट लघवीत तेही दिसतात.

आता उलट बाजू. लो-कार्ब जेवणानं लघवीत साखर येत नाही. रक्तपेशी येत नाहीत. पू-पेशी किंवा नायट्राइट येत नाही. प्रथिनं दोन-तीन अधिक होत नाहीत. यातलं काही आलं तर ते डाएटच्या किंवा रोज्याच्या माथी मारू नका, डॉक्टरांना दाखवा.

गंमत म्हणजे हे केटोन मुद्दाम आणण्यासाठीच या आहाराचा जन्म झाला. उपाशी ठेवल्यावर अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके कमी होतात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की भरपूर चरबी आणि अगदी कमी कर्बोदकं दिली, तर जेवत असतानाही शरीर उपासासारखं वागेल. त्यातून 'कीटोजेनिक डाएट' आलं. औषधांना दाद न देणाऱ्या फिटसाठी ते आजही दिलं जातं. अशा मुलांचे आईबाप घरी लघवीची पट्टी लावून केटोन आलेत ना, हे पाहतात. आणि तिथेही डॉक्टर सावध असतात. काही मुलांना मूतखडे होतात, म्हणून पोटॅशियम सायट्रेट देतात. वजन उतरवण्यासाठी हेच डाएट मोबाइलवर बघून करणाऱ्याला ही देखरेख नसते.

चूक माझी होती

इथं हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. भाच्याच्या डॉक्टरांनी तीन दिवस नेहमीचं जेवण घेऊन पुन्हा नमुना द्यायला सांगितलं. आपानं त्याला डाळ-भात, चपाती खाऊ घातली. दुसऱ्या रिपोर्टात केटोन शून्य, प्रथिनं शून्य. नोकरी पक्की. घरात पुन्हा हसू आलं.

पण या सगळ्या चर्चेतून दुल्हाभाईंनी वेगळाच अर्थ काढला. केटोन म्हणजे चरबी जळतेय, आणि कर्बोदकं बंद म्हणजे शुगर खाली. मग आपणही का करू नये? कुणाला न विचारता त्यांनी सहेरीची चपाती बंद केली, इफ्तारला फळंही सोडली. रोजे चालूच. शुगरची गोळीही चालूच.

चौथ्या दिवशी त्यांना मळमळायला लागलं. रात्री दोन उलट्या झाल्या, पोट दुखत होतं. इफ्तारच्या तळणाची अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेतली. पहाटे दम लागल्यासारखं झालं. ग्लुकोमीटरवर साखर १८८. "शुगर तर ठीक आहे," सगळे म्हणाले. भाच्यानं हौसेनं आणलेली पट्ट्यांची डबी घरात होती. त्यानं अब्बांची लघवी तपासली आणि मला फोन केला, "मामू, अब्बांना तीन अधिक आलंय."

मी काय म्हणालो, ते मला जन्मभर आठवेल. "अरे, तुला नव्हतं का आलं? डाएटचंच असेल."

आपाचं मन मानेना. तिनं लॅबवाल्या काकांना उठवलं. काकांनी पुन्हा एकच प्रश्न विचारला, पण या वेळी वेगळा : "गोळी कोणती चालू आहे?" आपानं पाकीट उचलून नाव वाचलं. शेवटी 'फ्लोझिन' होतं. काका म्हणाले, "भाभी, बोलत बसू नका. गाडी काढा."

रक्त आम्लधर्मी झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, कीटोअ‍ॅसिडोसिस. अतिदक्षता विभागात एका बाजूनं इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूनं ग्लुकोजचं सलाइन असं तीन दिवस चाललं. पाचव्या दिवशी ते घरी आले. आणखी अर्धा दिवस आम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी देत बसलो असतो तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

साखर १८८, तरी धोका कसा?

निरोगी माणसाच्या अंगात केटोन वाढू लागले की थोडं इन्सुलिन त्यांना लगाम घालतं. म्हणून भाच्याचे केटोन दोन अधिकपर्यंत जाऊनही रक्ताची आम्लता बिघडली नाही. मधुमेहात हा लगाम सैल असतो. पूर्वी असा प्रसंग आला की साखर चारशे-पाचशेवर जायची आणि सगळे सावध व्हायचे. 'फ्लोझिन' गटातल्या गोळ्यांचं काम वेगळं आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडातून साखर लघवीत सोडून देतात. त्यामुळे या रुग्णांच्या लघवीत साखर तीन-चार अधिक दिसते, ते गोळीचंच काम आहे, त्याला घाबरायचं नाही. पण त्याचमुळे आत केटोन साचत असतानाही रक्तातली साखर फार चढत नाही. धोक्याची घंटाच वाजत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि गावोगावच्या चिठ्ठ्यांवर आली.

ही औषधं वाईट नाहीत. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा फायदा होतो. हा धोकाही सगळ्यांना नसतो. पण गोळी, उपास, कर्बोदकं बंद आणि पाणी कमी, हे चारही एकत्र आले की तो वाढतो. म्हणून ही गोळी मनानं बंद करू नका आणि ती चालू असताना मनानं लो-कार्बही सुरू करू नका.

आता त्या पट्टीच्या मर्यादेकडे पुन्हा येऊ. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जास्त वाढतो तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि पट्टीला नेमका तोच दिसत नाही. म्हणून लघवीत एकच अधिक आलं तरी लक्षणं असतील तर गाफील राहू नये. खरं चित्र रक्तातल्या केटोनच्या तपासणीत दिसतं. तिथं ०.६ पर्यंत ठीक. लो-कार्ब करणाऱ्या निरोगी माणसात ते ३ पर्यंत जाऊ शकतं. मधुमेही माणसात ३ च्या वर गेलं तर ती तातडीची बाब आहे.

नमुना देताना, रोजा ठेवताना

काकांनी आणि दुल्हाभाईंच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी इथं उतरवतो. व्रत कोणतंही असो, सगळ्यांना लागू आहे.

लघवीचा नमुना देताना शेवटचं जेवण कधी झालं, डाएट कोणतं, रोजा किंवा उपास आहे का आणि औषधं कोणती, हे चार शब्द सांगा. नोकरीची किंवा विम्याची तपासणी असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण घ्या. नमुना तासाभरात लॅबला पोचवा. मधुमेह नसेल, तब्येत चांगली असेल आणि फक्त केटोन आले असतील, तर जेवून पुन्हा तपासणी करा.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा 'फ्लोझिन' घेणाऱ्यांनी, रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटावं. ही गोळी रमजानमध्ये नव्यानं सुरू करू नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी लो-कार्बचा नाद करू नये. त्यांच्यात केटोन फार लवकर चढतात.

मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, ग्लानी यांतलं काही दिसलं तर साखर कितीही असो, दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुल्हाभाईंचा आकडा या दोन्हींच्या मध्ये होता, म्हणूनच लक्षणं महत्त्वाची. बोटाला टोचून साखर तपासल्यानं रोजा मोडत नाही, हे बहुतेक उलेमांनी सांगितलंय. तरी अजून कितीतरी लोक त्या भीतीनं मीटरला हात लावत नाहीत.

२००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप-टू मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये निदान पंधरा रोजे ठेवले होते. म्हणजे 'ठेवू नका' एवढं सांगून डॉक्टरांचं काम संपत नाही आणि 'ठेवणारच' म्हणून आपलंही संपत नाही. आजाऱ्याला सवलत आहे, हे सुरह बकराहमध्ये रोज्याच्या हुकमासोबतच आलंय. बरं झाल्यावर रोजे भरून काढता येतात, ते शक्यच नसेल तर फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालता येतं. सवलत देणाऱ्यानं ती वापरण्यासाठीच दिली असणार.

दुल्हाभाईंचे राहिलेले रोजे या वर्षी झाले नाहीत. पहिले दोन दिवस ते चिडचिडे होते. मग मगरीबच्या आधी सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसू लागले. अजान झाली की खजूर तेच वाटतात. त्यांच्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर भाच्यानं एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'उलटी झाली तर आधी हा डबा घेऊन दवाखान्यात.'

ईदला लॅबवाले काका शीरखुर्म्याला येतात, दरवर्षीच. या वेळी आपानं त्यांच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवायचं ठरवलंय, साखर कमी घातलेली. त्यांनाही आता शुगर निघालीय. गोळी कोणती चालू आहे, ते मी विचारून घेतलंय.

(औषध किंवा आहारातला कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)